रुमालावरचा रुपया

हैदराबादेत एक नोकरदार माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला, ही बातमी सेलूला पोचली त्या दिवशी हे कचेरीतून येताना पेढे घेऊन आले. हे म्हणजे माझे यजमान. तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. पुडा माझ्या हातात ठेवत म्हणाले, "देवापुढं ठेव. आपल्यातला माणूस वर गेला."

मला वाटलं, ह्यांच्या एखाद्या मावसभावाला बढती मिळाली असेल. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तो माणूस आमच्या जातीचा नाही, भागातला नाही, मराठी त्याला येत नाही, आणि सेलू स्टेशन त्यानं पाहिलंच असेल तर गाडीच्या खिडकीतून. दूरच्या प्रांतातला, इंग्रजांच्या काळापासून मोठमोठ्या जागा सांभाळत आलेला बडा अधिकारी. लष्कराचा अंमल संपवून दिल्लीनं त्याला आमच्या राज्याच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"मग आपल्यातला कसा?" मी विचारलं.

"नोकरीत आहे ना? मग आपलाच की. मिसल कशाला म्हणतात ते ठाऊक असलेला माणूस वर बसलाय. आजवर कधी झालं होतं असं?"

मिसल म्हणजे फाईल. ह्यांचा सगळा संसार मिसलींशी होता, मी आपली दुसरेपणाची.

एवढा आनंद कशाचा, ते मला माहीत होतं. ह्यांना पेशकार व्हायचं होतं. तहसीलदाराच्या शेजारी बसून मिसली पुढे करणारा, हुकूम वाचून दाखवणारा, तो पेशकार. ह्यांचे वडील अहलकार म्हणून लागले आणि अहलकार म्हणूनच गेले. निजामाच्या अमदानीत ह्यांचा नंबर लागत आला होता, तेवढ्यात पोलीस ॲक्शन झाली आणि कचेरीत सगळी उलथापालथ झाली. उर्दू गेली, मराठी आली. बाहेरच्या प्रांतांतून नवे अधिकारी आले, त्यांना आमच्याकडचा प्रत्येक माणूस संशयित वाटायचा. ह्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं, आणि मराठी असं की वाण्यानं यादी परत पाठवावी. माझे वडील परभणीला मास्तर, त्यामुळे माझं मराठी बरं होतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता मी ह्यांना शुद्धलेखन सांगायची आणि हे चुलीजवळ पाटावर बसून लिहायचे. चूक काढली की म्हणायचे, "मास्तरीणबाई, हळू. आमची अर्धी जिंदगी उजवीकडून डावीकडं गेलीय."

माझा धाकटा भाऊ तेव्हा आमच्याकडेच राहायचा. निजामाविरुद्धच्या लढ्याच्या वेळी शिक्षण सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेला, परत आला तो पायाला भिंगरी लावूनच. त्यानं पेढ्याला हातसुद्धा लावला नाही.

"दाजी, आमी कॅम्पात शिळ्या भाकरी खाल्ल्या त्या कशासाठी? लोकांचं राज्य यावं म्हणून. ह्या साहेबाला मतं कुणी दिली?"

"मतं अजून कुणालाच पडली नाहीत. पडतील तेव्हा पडतील. तोवर सही करायला कुणी पाहिजे का नको?"

"सही करायला! राज्य म्हणजे काय रजेचा अर्ज आहे का?"

मला दोघांचाही संताप यायचा. एकाला राज्य म्हणजे कचेरी वाटायची, दुसऱ्याला सभा, आणि आडावरून पाणी आणायला दोघांतला एकही उठायचा नाही. खरं तर त्या वर्षांत मीही स्वस्थ नव्हते. जिनिंगचा भोंगा झाला की उगीच दारात जायची, गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम टाकून उभी राहायची. काहीतरी व्हायचं आहे आणि ते आपल्याला टाळून दुसरीकडेच होतंय, असं सारखं वाटायचं. बायका म्हणायच्या, हिला बाहेरचं काही झालंय. मला काही झालेलं नव्हतं. आमचं चांगलं व्हावं एवढंच हवं होतं, आणि ते एका जागी अडकून पडलं होतं.

ह्यांनी पेशकारीचा अर्ज नव्यानं दिला, मी तो तीनदा शुद्ध करून दिला. त्याच सुमारास बातमी आली, की मुख्यमंत्री आमच्या जिल्ह्याचा दौरा करणार. जालन्याकडून मोटारी येतील, देवगाव फाट्यावर थांबतील, सेलूकरांचं स्वागत घेतील आणि जिंतूरवरून परभणीला जातील. फाट्यावर तेव्हा चार लिंबाची झाडं आणि एक चहाचं छप्पर, याशिवाय काही नव्हतं. तहसीलीनं तिथं मांडव घालायचा ठरला. खुर्च्या, सतरंज्या, सरबत, सगळं ह्यांच्या गळ्यात आलं. हे कामाला लागले आणि घरातला माझा एकुलता एक चांगला तांब्याही साहेबांच्या पाण्यासाठी घेऊन गेले.

आदल्या दिवशी ह्यांनी पेटीतून रेशमी रुमाल काढला आणि चांदीचा एक रुपया चिंचेनं घासायला बसले. मी ओळखलं. नजर द्यायचा बेत होता.

ही आमच्याकडची जुनी रीत. मोठा अधिकारी पहिल्यांदा आला की हाताखालच्यानं रुमालावर रुपया ठेवायचा, वाकायचं आणि दोन्ही हातांनी पुढे करायचा. अधिकारी त्याला दोन बोटं लावणार, 'मुआफ' म्हणणार, आणि रुपया ज्याचा त्याच्याकडे परत. कुणी काही दिलं नाही, कुणी काही घेतलं नाही. मी तुमचा माणूस आहे, एवढं सांगून झालं. माझ्या सासऱ्यांनी प्रत्येक नव्या तहसीलदाराला अशी नजर दिली होती.

मी म्हणाले, "अहो, ते राज्य गेलं. एक हार घाला आणि मोकळे व्हा."

"हार काय, कापसाचे व्यापारीबी घालतील. नोकरीतल्या माणसानं नोकरीतल्या माणसाला नजर द्यावी. त्यांना कळेल."

"आणि हा रुपया निजामाचा आहे. निदान नवा तरी न्या."

"नवा निकेलचा आहे. निकेलची नजर देतात का कुठं? काय म्हणायलीस तू!"

भाऊ कोपऱ्यातून हसला. म्हणाला, "दाजी, मिरवणुकीला हत्तीबी सांगा की." ह्यांनी लक्ष दिलं नाही. रुपया उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला. तेव्हा मी आणखी वाद घातला नाही. इतक्या महिन्यांनी हे खुशीत होते, आणि ती खुशी मला मोडवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका बैलगाडीतून फाट्यावर गेलो. ओवाळायला पाचजणी निवडल्या होत्या, त्यांत मी. मोटारी उशिरा आल्या. ऊन चढलं, निरांजनातलं तूप वितळलं, हार मलूल झाले. व्यापारी पुढे, कार्यकर्ते त्यांच्या पुढे, आणि कचेरीचे लोक एका बाजूला ओळीत. धुरळा दिसला तशी सगळी रांग मोडली आणि आम्ही बायका ताटं सावरत मागे ढकलल्या गेलो.

मुख्यमंत्री गाडीतून उतरले. मी एवढा थाट ऐकला होता, पण माणूस अगदी साधा निघाला. बंद गळ्याचा कोट, घाई असूनही ती दिसू न देणारी चाल. ओवाळून झालं, हार झाले, आणि ते कचेरीच्या ओळीकडे वळले. मला पाठीच दिसत होत्या. मुंडाशांच्या आणि टोप्यांच्या मधून ह्यांची वाकलेली पाठ दिसली. मग एकदम कुणीतरी ओरडलं.

ओरडले ते डिप्टी कलेक्टर, बाहेरच्या प्रांतातून नुकतेच आलेले, तरुण, हुशार, आमच्याकडच्या रीती त्यांना कोण सांगणार? त्यांनी पाहिलं ते इतकंच, की एक कारकून राज्याच्या मुख्यमंत्र्यापुढे रुमालात झाकून रुपया सरकवतोय. त्यांनी ह्यांच्या हाताला फटका मारला. रुपया काळ्या मातीत पडला. कुणीतरी तो उचलून त्यांच्या हातात दिला, त्यांनी उलटसुलट पाहिला आणि हिंदीत विचारलं, "हे कुणाचं नाणं आहे?" तोवर मुख्यमंत्री ओळ संपवून सरबताकडे गेले होते, की मुद्दाम नेले गेले होते, ते मला कळलं नाही. थोड्या वेळात मोटारी निघूनही गेल्या.

घरी येताना गाडीत हे एवढंच बोलले. "साहेबांचा हात पुढं आला होता. दोन बोटं. मी पाहिली."

आणखी कुणीही पाहिली नव्हती. मीही नाही. हे म्हणतात म्हणून खरं, एवढंच मी सांगू शकते.

मग ह्यांना मुअत्तल केल्याचा हुकूम आला. कामावरून दूर, अर्धा पगार, चौकशी होईपर्यंत तालुका सोडायचा नाही. पेशकारीचा अर्ज पडून होताच, त्यामुळे आरोप अगदी चपखल बसला. बढतीसाठी मुख्यमंत्र्याला भर मांडवात लाच! गावात हसू झालं. काही लोकांना हेही वाटलं, की एवढा मोठा माणूस आणि एकच रुपया, हा कारकून कंजूष दिसतो. हे ऐकून मला हसूही यायचं आणि डोळ्यांत पाणीही.

चौकशी लवकर सुरू होईना. ज्यांनी करायची त्यांची बदली झाली, दुसरे आले ते आजारी पडले. मी कापूस-बाजारातल्या दोन घरच्या मुलींना शिकवायला जाऊ लागले. हे मात्र रोज वेळेवर अंघोळ करून, शेरवानीची बटणं लावून, दारातल्या ओट्यावर बसायचे आणि कचेरी सुटायच्या वेळेला आत यायचे. "आत बसा की," म्हटलं तर म्हणायचे, "बोलावणं आलं तर?" तो ओटा मला नकोसा झाला. घरातून निघताना मी मागच्या दारानं जाऊ लागले.

सगळे एकच म्हणत होते. त्या दिवशी काय झालं, हे दोनच माणसांना ठाऊक, एक तुमचे हे आणि दुसरे मुख्यमंत्री. ते इतकी वर्षं नोकरीत घालवून तिथं पोचलेत. नजर काय असते ते त्यांना माहीत नसेल का? त्यांनी नुसतं म्हणावं, की मी हात लावणार होतो, की झालं.

शेवटी माझा भाऊ हैदराबादेला गेला. ज्या माणसाच्या नावानं तो रोज बोटं मोडायचा, त्याच्याच दारात माझ्यासाठी जाऊन उभा राहिला. परत आला तो तणतणत.

"अक्का, भेटूच दिलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, चौकशी चालू असताना साहेब मधी पडत नाहीत. कुणासाठीच नाही. नियम आहे म्हणे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता हे कोसळणार. पण हे सरळ होऊन बसले. कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती अशी चमक डोळ्यांत आली.

"बरोबर आहे," म्हणाले. "चौकशी चालू असताना वरच्यानं तोंड उघडायचं नसतं. मीबी हेच केलं असतं. अधिकारी म्हणतात तो असा."

माझ्या हातातलं उलथनं मी भिंतीवर फेकलं.

"तुमची नोकरी चाललीय, आणि तुमी त्यांची वाहवा करायलात?"

"त्यांनी एका कारकुनासाठी नियम मोडला, तर मग त्यांच्यात आणि ह्याच्या पुढाऱ्यांत फरक काय?"

"दाजी!" भाऊ भडकला.

मी चपला न घालताच बाहेर पडले आणि रुळांच्या कडेनं चालत सुटले. त्या दिवशी मला ह्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात पुन्हा आला नाही. आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही तेव्हाच सगळ्यांत जास्त वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटलं की माणसानं जायचं कुठं? मी मालधक्क्यापर्यंत गेले, कापसाच्या गासड्यांवर टेकले आणि मग स्वयंपाक अर्धवट राहिलाय हे आठवून परत आले.

पुढे निवडणुका झाल्या. भाऊ खेडोपाडी फिरला, घसा बसला, गुलालानं माखून घरी आला. लोकांनी निवडलेलं सरकार आलं आणि तो नोकरदार मुख्यमंत्री मुख्यमंत्रिपदावरून दूर झाला. नोकरीतल्या माणसाची बदली व्हावी इतक्या सहज. ह्यांना ते फार लागलं. "आता आपलं कुणी वर नाही," असं म्हणाले.

भाऊ म्हणाला, "आहे की. आमी आहोत. एक शब्द टाकतो, उद्या कामावर."

"नको."

"दाजी, अहो, आपलीच माणसं आहेत."

"म्हणूनच नको."

ह्यांच्या जागी मी असते तर शब्द टाकू दिला असता, हे मी तेव्हाही बोलले आणि आताही बोलते. पण हे ऐकेनात, तेव्हा मी मला सुचलं ते केलं. ज्यांच्या हाताखाली ह्यांनी मिसली सांभाळल्या, ते जुने तहसीलदार रिटायर होऊन परभणीला राहायचे. त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा नजरेला बोटं लावली असतील. मी मुलींची शिकवणी चुकवली, सकाळची गाडी धरली आणि त्यांच्या दारात गेले. बेगमसाहेबांनी पडद्याआड चहा दिला. तहसीलदारसाहेब पडद्याच्या पलीकडून बोलले. आवाज खाली गेला होता.

"बेटी, माझ्यावरच्या चौकशीतून मी नुकताच सुटलोय. माझी साक्ष तुझ्या नवऱ्याला बुडवेल. लोक म्हणतील, बघा, जुनी टोळी एक झाली."

"बुडायचं काही राहिलं नाही," मी म्हणाले. "तुमी नाही आलात तर खरं सांगणारं कुणीच नाही."

मग त्यांनी विचारलं, "त्यांचं अक्षर अजून तसंच आहे का?"

"उर्दूतलं आहे. मराठीतलं विचारू नका."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि मला कळलं की तहसीलदारसाहेब येणार.

चौकशी लागली तेव्हा ते आले. आत काय झालं, ते ह्यांनी नंतर सांगितलं. चौकशी करणारे अधिकारी नवेच होते. तहसीलदारसाहेबांनी बोलणं थोडंच केलं. खिशातून रुमाल काढला, घडी घातली, त्यावर रुपया ठेवला, त्या वयात कमरेत वाकले आणि अधिकाऱ्यापुढे धरला. अधिकारी गोंधळले. "हात लावा, जनाब, नुसता हात," असं तहसीलदारसाहेब म्हणाले. अधिकाऱ्यानं बोटं टेकवली. तहसीलदारसाहेबांनी रुपया उचलून परत खिशात टाकला आणि विचारलं, "आता लिहा. तुम्ही लाच घेतलीत का?"

निकाल आला. लाच नव्हे, जुनी प्रथा. कामावर घ्यावे, पण सक्त ताकीद द्यावी. पेशकारी तोवर दुसऱ्याला गेली होती, आणि ताकीद सर्व्हिसबुकात चढल्यावर ती पुढेही मिळणार नव्हती. हे अहलकार म्हणून परत त्याच पाटीखाली जाऊन बसले. मला वाटलं, जाऊ दे, नोकरी तरी वाचली. मी देवाला साखर ठेवली आणि ओट्यावर मिरच्या वाळत घातल्या, म्हणजे तिथं कुणी बसायला नको.

नंतर एकदा निवडून आलेल्या सरकारातले एक मंत्री सेलूला आले, मुलींच्या शाळेच्या नव्या खोल्या उघडायला. मी तोवर त्या शाळेत शिकवत होते, म्हणून ह्या वेळी अगदी पुढे उभी होते आणि सगळं समोर दिसत होतं. कचेरीची माणसं ओळीत. मंत्री हसतमुख, रांगडे, माझ्या भावाच्याच ओळखीतले. प्रत्येकाचा हात हातात घेत, विचारपूस करत पुढे येत होते. ह्यांच्यापुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

ह्यांनी मान लववली. हात मागेच राहिले, पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंतवलेले. मंत्री थांबले. "काय राव, रागावलात का आमच्यावर?" असं हसून म्हणाले. ह्यांच्या कानशिलावरून घाम खाली आला. मंत्र्यांचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो ह्यांच्या खांद्यावर थोपटला आणि पुढच्या माणसाकडे गेले. माझा भाऊ तिकडून रागानं बघत होता. मुली गाणं म्हणत होत्या, आणि मला त्यांची ओळ चुकल्याचंही कळलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "हात का नाही दिलात? किती वाईट दिसलं ते."

हे दोन्ही तळवे उघडून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"पुढं केला असता तर कुणाला वाटलं असतं, हातात काहीतरी आहे," म्हणाले, आणि हात धुवून पानावर बसले.